चौथ्या नावाची हाळी

आमच्या शिवारात वीज आली की माणसं बोलायची थांबत. पंपघरात स्टार्टरचा खट्ट असा आवाज होई, मोटर आधी घरघरे आणि मग एकसुरात चालू लागे, आणि पुढच्या मिनिटभरात चौदा मळ्यांतले निंदणारे, तोडणारे, खुरपणारे हात जागच्या जागी थांबत. सगळे दाजींच्या आवाजाची वाट पाहत. दाजी म्हणजे पाणी सोडणारे. विहिरीच्या कठड्यावर चढून, दोन्ही हात तोंडाभोवती धरून ते यादीतलं नाव पुकारत. याला हाळी म्हणत. ज्याचं नाव, त्यानं आपल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ‘ओ’ द्यायची. ओ आली की दाजी त्याच्या नंबरचा कॉक उघडत आणि पाऊण तास पाणी त्याचं. तीन हाळ्यांत ओ आली नाही तर पाळी पुढच्याकडे जाई. विहीर एक, मोटर एक, मळे चौदा. कामरगावच्या बाजारात आणि कारंजाला जाणारी वांगी, मेथी, पालक, आम्ही सांभार म्हणतो ती कोथिंबीर, सगळं या एका व्यवस्थेवर पिकत असे.

या व्यवस्थेचा एक नियम कुठेही लिहिलेला नव्हता. ओ पुरुषानंच द्यायची. घरचा कर्ता गावात नसेल तर त्याचा भाऊ देई, पुतण्या देई. बाई समोर उभी असली, फावडं तिच्याच हातात असलं, तरी ती ओ देत नसे. माझे वडील अंबादास ट्रकवर होते. महिन्यातून दोन दिवस घरी असत, त्यातला एक झोपण्यात जाई. दीड एकराचा मळा माझी माय, सुमन, एकटी करत होती. आमच्या शेजारचा मळा वडिलांच्या मोठ्या भावाचा. त्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो. ते पाणी कमिटीचे अध्यक्षही होते. यादीत तिसरं नाव त्यांचं आणि चौथं माझ्या वडिलांचं. तिसऱ्या नावाला मोठेबाबा ओ देत आणि चौथ्या नावालाही मोठेबाबाच ओ देत.

चौथ्या ओचं पाणी आमच्या वाफ्यात यायला हवं होतं. पण ओ देणाऱ्याच्या सांगण्यावरून दाजी तीन नंबरचाच कॉक चालू ठेवत आणि ते बऱ्याचदा मोठेबाबांच्या संत्र्यांना जाई. “झाडं सुकून राह्यली, पुढच्या फेरीले देतो तुले,” असं ते मायला निरोपानं कळवत. निरोपानं, कारण मोठेबाबा तिचे भासरे. भासऱ्यासमोर ती पदर पुढे ओढून उभी राही आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलत नसे. त्यांच्याशी काही बोलायचं असलं तर ती माझ्याकडे पाहून बोलायची, मी शेजारी नसले तर कुत्र्याकडे पाहून बोलायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्या एकोणीस वर्षांत मोठेबाबांनी माझ्या आईचा आवाज ऐकला होता की नाही, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही.

घरात मात्र तिचा आवाज भरपूर होता. चुलीवर भाकर थापताना ती सरकारपासून शेजारच्या बकरीपर्यंत सगळ्यांचा समाचार घेई. सकाळी तव्यावर मिरच्या भाजायला पडल्या की आम्ही तिघी बहिणी खोकत बाहेर पळायचो आणि ती आतून ओरडायची, “पया, पया! ठेचा खायले मंग कोन येते थे पाह्यतो मी!” जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, भाकरीवर तेलाची धार. आमच्या घरचं जेवण याहून फार वेगळं नसे आणि कमी पडल्याचं मला आठवत नाही. मी तीस वर्षं बातम्या लिहिण्यात आणि कापण्यात घालवली. वऱ्हाडातल्या बायांवरचे लेख संपादित करताना ‘मूक’ हा शब्द शेकडो वेळा खोडला. लिहिणाऱ्याला त्याचं कारण विचारावंसं वाटलं तर मी एवढंच सांगायची: मूक नव्हे, ती कोणासमोर गप्प आहे ते लिहा.

बारावीनंतर मी कारंजाला संगणकाच्या वर्गाला जाऊ लागले. वडिलांनी एका फेरीत हो म्हटलं आणि दुसऱ्या फेरीत त्यांना आठवलंच नाही, तोवर माझं नाव घातलं गेलं होतं. सकाळच्या जीपमध्ये भाजीच्या पोत्यांवर बसून जायचं. वर्गात सहा यंत्रं आणि बावीस मुलं. शिकवणारे सर अकोल्याहून येत. आम्ही टंकलेखन शिकावं, गुणपत्रिका करता याव्यात, एवढी त्यांची अपेक्षा होती. पण अभ्यासक्रमाच्या शेवटी खिडक्या बनवण्याचा एक भाग होता. पडद्यावर खिडकी काढायची, तिच्यात यादी ठेवायची, बटणं ठेवायची. यादीला काही गोष्टी जन्मतःच येत होत्या. खालच्या बाणाची कळ दाबली की निळी पट्टी पुढच्या नावावर सरकते, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. कळ दाबली जाणं ही घटना, आणि त्या घटनेला यादीनं द्यायचा प्रतिसाद आत आधीच लिहून ठेवलेला होता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सरांना विचारलं, “त्याच कळीवर आपल्याला आणखी काही करून घेता येते का?”

“येतं,” सर म्हणाले. “पण त्या वाटेला जाऊ नका. तुमच्या परीक्षेत नाही ते.”

मी त्या वाटेला गेले. खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर माझा स्वतःचा मजकूर लिहिला: खरंच बंद करायचं का? प्रश्न उत्तम आला. हो म्हटलं तरी खिडकी मात्र बंद होईना. शेवटी यंत्राची वायर काढावी लागली. सर हसले, मग खुर्ची ओढून बसले आणि मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मनापासून शिकवलं. मी त्याच नावाचा नवा प्रतिसाद लिहिला होता, म्हणून यंत्रानं जुना बाजूला ठेवला. खिडकी बंद करण्याचं काम त्या जुन्यात होतं. नवं लिहिताना एका ओळीत जुन्यालाही बोलवावं लागतं. त्यानं त्याचं काम करावं, आपण आपली भर घालावी. “ही ओळ विसरलात,” सर म्हणाले, “तर तुम्ही भर घालत नाही, मोडतोड करता.” मी ते वहीत लिहून घेतलं. तरीही विसरले, आणि कुठे विसरले ते आता सांगते.

त्या वर्षी दाजींचा घसा गेला. हाळी चार मळ्यांच्या पुढे ऐकू जाईना. “मले हाळी देल्लीच नाई!” “देल्ली, तू झोपला होता!” अशी भांडणं रोज होऊ लागली आणि एकदा ती फावड्यावर आली. पंपघरातल्या कमिटीच्या खोलीत एक जुना संगणक कापडाखाली पडून होता, देवळाचा जुना भोंगा पंपघरावर बांधलेला होता. मोठेबाबांनी मला बोलावलं. “शिकून राह्यली न तू? मंग कर काईतरी.” फुकटात होतंय म्हटल्यावर कमिटीत कोणी विरोध केला नाही. तीन हाळ्यांत ओ न देणाऱ्याची पाळी बुडू नये, त्याचं नाव यादीच्या तळाशी जावं, असा नवा नियमही भांडणं मिटावीत म्हणून तेव्हाच एकमतानं ठरला.

मी यादी केली. दाजींनी खालचा बाण दाबायचा. पट्टी पुढच्या नावावर जाईल आणि भोंग्यावरून त्या नावाच्या तीन हाळ्या आपोआप होतील. ओ आली की दुसरी कळ दाबायची, वेळ नोंदली जाईल. हाळ्यांसाठी दाजींचाच आवाज भरून घ्यायचा ठरलं. घसा जरा बरा होता अशा एका सकाळी गरम पाण्याचा तांब्या घेऊन ते माझ्यासमोर बसले आणि मी लिहिलेला कागद वाचू लागले. चौथ्या नावाशी थांबले.

“हे कोनाचं नाव होय वं?”

“मायचं.”

“अंबादास लिही.”

“अंबादास कुठं आहेत, दाजी?”

दाजींनी खिडकीतून आमच्या मळ्याकडे पाहिलं. माय वाफ्यात वाकलेली होती. ते तांब्यातलं पाणी प्यायले आणि त्यांनी घसा साफ केला. “तुह्या मायले सांगतलं?”

“नाही.”

“मोठ्याले?”

“नाही.”

“मंग माह्यावर नको येऊ देऊ,” असं म्हणून त्यांनी माईकमध्ये माझ्या आईचं नाव पुकारलं. बाकीच्या तेरा नावांपेक्षा जरा लांबवून पुकारलं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

माझा हेतू लपवण्याची मला गरज नाही. मोठेबाबा अंबादास या नावाला ओ देऊ शकत होते. सुमन या नावाला चारचौघांत ओ देणं त्यांना शक्य नव्हतं, शिवारानं पिढीभर हसून घेतलं असतं. माझा हिशेब इतका साधा होता. ओ कोण देणार, याचा विचार मी केला नव्हता. मायची पाळी तळाशी जाईल आणि संध्याकाळपर्यंत मी कोणाला तरी ओ द्यायला उभं करीन, एवढंच मनात होतं.

पहिल्या दिवशी वीज सातच्या सुमारास आली. पंपघरापाशी दहाबारा जण जमले होते. दोन नावं सुरळीत गेली. तिसऱ्याला मोठेबाबांनी ऐटीत ओ दिली आणि पाऊण तास ते पंपघराच्या दारात तपकीर ओढत उभे राहिले. मग दाजींनी बाण दाबला आणि भोंगा म्हणाला, “सुमनबाई हो! पाणी आलं हो!”

दारातली माणसं वळली. मोठेबाबांचा तपकिरीचा हात नाकापाशी थांबला. मळ्यात माय उभी राहिली, तिनं पदर पुढे ओढला आणि आमच्याकडे पाठ केली. दुसरी हाळी झाली, तिसरी झाली. कोणी ओ दिली नाही.

“जाऊ द्या, तळाशी जाईल,” मी म्हणाले. दाजींनी बाण दाबला.

“सुमनबाई हो! पाणी आलं हो!”

पट्टी हलली नव्हती. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा दाबायला सांगितलं. पुन्हा तीन हाळ्या. पुन्हा दाबलं, पुन्हा तीन. मोटर चालू होती, सगळे कॉक बंद होते आणि पाणी वरच्या टाकीतून उतून नाल्याला लागलं होतं. पाचवं नाव शेषरावांचं, त्यांची मिरची फुलावर होती. “अरे, तुह्या मायच्या पुढं दुनिया आहे का नाई?” ते ओरडले. कोणीतरी पडद्यावर बोट ठेवून म्हणालं, “अन् हे पाहा! खाली सुमन, सुमन, सुमन!” तळाशी माझ्या आईचं नाव तीनदा लागलं होतं आणि दाजींनी घाबरून चौथ्यांदा बाण दाबल्यावर ते चारदा झालं.

चूक मला तिथल्या तिथे कळली. ओ आली तर काय, त्या भागात मी जुन्या प्रतिसादाला बोलवलं होतं. ओ आली नाही तर काय, तो भाग नंतर लिहिलेला. त्यात नाव तळाशी नेलं होतं, हाळी लावली होती आणि पट्टी पुढे सरकवणाऱ्या जुन्या प्रतिसादाला बोलवायचं राहिलं होतं. वर्गात तपासताना प्रत्येक नावाला ओ मीच देत होते. ओ येणारच नाही, हे मी एकदाही करून पाहिलं नव्हतं. वहीत लिहिलेली एक ओळ. पुढे लोकांनी मला विचारलं आहे, अगदी कालपरवा एका पुतणीनं विचारलं, की खरं सांग, मुद्दाम केलं होतंस ना. नाही. चूक माझी होती आणि ती खरी चूक होती. नाव मात्र चूक नव्हतं.

सलग पंधराव्या हाळीनंतर मळ्यातून आवाज आला.

“ओ!”

मायनं फावडं खांद्यावर घेतलं होतं. पदर डोक्यावर होता, पण तोंड आमच्याकडे होतं. “ओ म्हनलं न! किती वेळा बोंबलता? सोडा पानी!”

दाजींनी वेळ नोंदवली आणि चार नंबरचा कॉक उघडला. कोणी हसलं नाही. मोठेबाबांनी तपकिरीची डबी बंद केली आणि आत येऊन माझ्या समोर बसले.

“हे तू जानूनबुजून केलं.”

“नाही. एक ओळ राहिली.”

“चौघांदेखत माह्या घरच्या सुनेचं नाव भोंग्यावर नाचवलं. पंधरा वेळा.”

“एकदाच घ्यायचं होतं, मोठेबाबा.”

“अन् खाली चार पाळ्या लिहून ठेवल्या मायच्या नावानं, थ्या?”

“त्या काढते. तीच चूक आहे.”

“काढ. अन् वरचं नाव बी काढ. अंबादास लिही. नाई तं पुढच्या फेरीपासून मशीन बंद. हाळी मी देतो. कमिटी माह्या हातात आहे.”

शेषराव दारातून म्हणाले, “मले मशीनचं काई नाई पडलं. माह्या मिरचीले पानी भेटलं पाह्यजे.”

मी मळ्यात गेले. माय घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून एकेक वाफा फोडत होती. वांग्यांच्या मुळाशी पाणी शिरताना माती बुडबुडत होती. त्या फेरीला पाणी हुकलं असतं तर फूल गळालं असतं. दोन फेऱ्या पाणी न मिळाल्यानं ते आधीच सुकत आलं होतं. मला शिव्या पडणार असं धरून मी सगळं सांगितलं. नाव मी घातलं, अडकलं माझ्या चुकीनं, आणि आता मोठेबाबा हे म्हणतात. तिनं वाफा भरू दिला, मातीनं तोंड बंद केलं, दुसरा फोडला.

“मले इचारलं काहून नाई?”

“तू नाही म्हटलं असतं.”

“म्हनलंच असतं,” ती म्हणाली. पुढचा वाफा फोडून तिनं विचारलं, “थे अडकते, थे दुरुस्त होते का?”

“एका ओळीत.”

“मंग कर. लोकायच्या मिरच्या कायले वाळवतं? तळचे चार नावं बी काढ, आपल्याले चार पाळ्या नाई पाह्यजे.” तिनं फावड्यावरचा चिखल पायानं खरवडला. “वरचं राहू दे.”

“मोठेबाबा मशीन बंद करतील.”

“करू दे. मशीननं देल्ली का ओ?”

मी परत जाऊन ती ओळ लिहिली. तळची चार नावं खोडली. शेषरावांची पाळी येईपर्यंत यादी नीट चालू लागली होती आणि त्या दिवशी, दुसऱ्या दिवशीही, चौदाही मळ्यांना पाणी मिळालं. चौथं नाव मी बदललं नाही. मोठेबाबांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येऊन पडदा पाहिला, नाव वाचलं आणि भिंतीवरचं मशीनचं बटण बंद करून खोलीची किल्ली खिशात घातली.

तिसऱ्या दिवशी नवी फेरी होती. मशीन कापडाखाली होतं. मोठेबाबा धोतर सावरत स्वतः विहिरीच्या कठड्यावर चढले. त्यांचा आवाज मोठा होता, हे मान्य केलं पाहिजे. पहिलं नाव घेतलं, ओ आली. दुसरं घेतलं, ओ आली. तिसरं नाव त्यांचं स्वतःचं. त्यांनी स्वतःला हाळी दिली आणि स्वतःच ओ दिली. पंपघरापाशी बसलेले शेषराव म्हणाले, “एक्कल हाळी अन् एक्कल ओ, मजा आहे बाप्पा!” आणि दोघंतिघं हसले. पाऊण तास तसाच गेला. मी कठड्याखाली उभी होते. माय मळ्यात होती, रोजच्या जागी.

मोठेबाबांनी हात तोंडाभोवती धरले. “अंबादास हो! पाणी आलं हो!” आणि ओ देण्यासाठी, मला तो क्षण अगदी स्पष्ट आठवतो, त्यांनी श्वास घेतला.

“ओ!”

मळ्यातून आली. एकाच हाळीवर, स्वच्छ आणि वेळेवर.

मोठेबाबा कठड्यावरून मळ्याकडे पाहत राहिले. मायनं पदर ओढला नाही, पाठही केली नाही. फावडं टेकवून ती तिथेच उभी राहिली, पाण्याची वाट पाहत. मोठेबाबा खाली दाजींकडे पाहून म्हणाले, “मी देतो ओ. त्याच्या ठिकानी मीच देत असतो.”

दाजींचा हात कॉकवर होता. बसक्या आवाजात ते म्हणाले, “ओ आली न बाप्पा. सगळ्यायनं आयकली. आता दुसरी कायले?” आणि त्यांनी चार नंबर उघडला.

पाणी पाटात उतरल्याचा आवाज तिथवर येत होता. शेषराव उठून आपल्या धुऱ्याकडे निघाले होते, कारण पुढची पाळी त्यांची होती. मोठेबाबा कठड्यावर उभे राहिले. उतरले असते तर हरले हे शिवारानं पाहिलं असतं. पाऊण तास संपला तेव्हा त्यांना पाचवं नाव घ्यावं लागलं.